माणसांचे स्वभाव ओळखून बोलायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात ऑफिसमधल्या लोकांसाठी आणि कधीकधी सोसायट्यांमधे संवादाचे छोटे वर्ग घेते, बहुतेक कोथरूड, बाणेर, हिंजवडी या पट्ट्यात. वर्ग संपल्यावर लोक थांबून जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र लिहून काढलेत. काही उत्तरं लांब झालीयेत कारण विषयच तसा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, माणसाचा प्रकार कळला म्हणजे माणूस कळला असं होत नाही, पण त्याच्याशी बोलताना आपण आपल्या बाजूने काय बदलून बघावं याचा अंदाज येतो आणि तेवढ्यासाठी हे शिकण्यासारखं आहे.

पर्सनॅलिटी टाईप एकूण असतात तरी किती? एकच आकडा सांगा ना.

एकच आकडा नाहीये, कारण मोजणाऱ्याने काय मोजायचं ठरवलंय त्यावर तो बदलतो. आपल्याकडे आयुर्वेदात वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्यात आणि आजही घरात कोणी पटकन चिडलं की "त्याची पित्ताची प्रकृती आहे" असं सहज म्हटलं जातं. ग्रीक लोक शरीरातल्या चार द्रवांवरून स्वभाव सांगायचे. १९२१ मधे स्वित्झर्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने अंतर्मुख आणि बहिर्मुख ही मांडणी केली, म्हणजे आज आपण इंट्रोव्हर्ट एक्स्ट्रोव्हर्ट म्हणतो ते तिथून आलं. त्याचं लिखाण वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एक प्रश्नावली बनवली, साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तीच ही एमबीटीआय, चार जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर तुमचं, आणि त्यातून १६ प्रकार. या मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, तरी जगभरच्या कंपन्यांमधे ही टेस्ट पोचली.

कॉर्पोरेट ट्रेनिंगमधे डिस्क म्हणून अजून एक असते, चार प्रकारांची. तिचं मूळ विल्यम मार्स्टनच्या १९२८ च्या पुस्तकात आहे, टेस्ट मात्र नंतर दुसऱ्यांनी बनवली. हाच मार्स्टन पुढे वंडर वुमन या कॉमिकमधल्या पात्राचा निर्माता झाला, मला हे कळलं तेव्हा खूप गंमत वाटली होती. एनिआग्राममधे ९ प्रकार असतात. आणि मग बिग फाइव्ह, ज्यात प्रकार असे नसतातच, पाच गुण असतात आणि प्रत्येक गुण प्रत्येकात कमीजास्त असतो.

मग यातलं शास्त्रीय कुठलं?

संशोधक ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवतात ते बिग फाइव्ह. त्याची सुरुवातच छान आहे. १९३६ मधे ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे सगळे शब्द काढले, ते निघाले जवळपास १८,०००. त्यांचं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात जे महत्त्वाचं असतं त्याला भाषेत शब्द असतोच. पुढच्या काही दशकांत अनेकांनी हे शब्द गाळून, लोकांना त्यावर मार्क द्यायला लावून बघितलं तर परत परत पाच गठ्ठे पडायला लागले. मी वर्गात ते असे सांगते: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखपणा, जुळवून घेणं, आणि पाचवा मनाचा अस्वस्थपणा म्हणजे काळजी, राग, वाईट वाटणं हे किती पटकन आणि किती जोरात होतं.

यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे हे उंचीसारखं आहे. जगात फक्त उंच आणि बुटके असे दोनच ढीग नसतात, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. तसंच अगदी टोकाचे इंट्रोव्हर्ट किंवा एक्स्ट्रोव्हर्ट थोडे, बाकी आपण सगळे मधले. एमबीटीआयमधे मधल्या माणसालाही एका बाजूला ढकलावं लागतं, म्हणून काही आठवड्यांनी तीच टेस्ट परत दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलून येतं. बोलायला सुरुवात करायला ती ठीक आहे, टीममधे गप्पा सुरू होतात, पण त्यावरून कोणाबद्दल काही कायमचं ठरवू नका.

मी ऑनलाइन टेस्ट दिली, रिझल्ट वाचून वाटलं हे तर शंभर टक्के मीच! मग ती खरीच असणार ना?

असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे पण तो पुरावा नाही. १९४८ मधे बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला "हे तुझं वर्णन" म्हणून कागद दिला, ५ पैकी किती बरोबर वाटतं ते विचारलं, सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं त्याने स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. "तुम्ही बाहेरून शांत दिसता पण आतून कधीकधी घाबरता" या धाटणीचं वाक्य कोणाला लागू पडणार नाही सांगा.

तुमच्या रिझल्टमधलं एकेक वाक्य घ्या आणि तुमच्या एकदम उलट्या स्वभावाच्या भावाला किंवा मैत्रिणीला वाचून दाखवा. तिलाही ते स्वतःचंच वाटलं तर त्या वाक्यात तुमच्याबद्दल काहीच नाहीये असं समजा.

माझ्या टीममधला एक मुलगा मीटिंगमधे तोंडच उघडत नाही. इंट्रोव्हर्ट आहे म्हणून सोडून द्यायचं का?

हा प्रश्न हिंजवडीत हमखास येतो आणि याचं उत्तर मला नीट द्यायचंय, कारण "इंट्रोव्हर्ट आहे" असं म्हणून लोक खरं कारण शोधायचंच सोडतात. गप्प बसण्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींवर करायचं काम वेगळं आहे.

पहिली, तो खरोखर अंतर्मुख आहे. अशा माणसाला आधी विचार करून मग बोलायला आवडतं, आठ जण एकमेकांवर बोलत असले की त्याचा विचार पूर्ण होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्याला आदल्या संध्याकाळी मुद्दे पाठवा, मीटिंगमधे प्रश्न विचारल्यावर जरा थांबा, म्हणजे खरंच थांबा, आपल्याला ती शांतता असह्य होते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मीटिंगनंतर "अजून काही सुचलं तर चॅटवर टाक" हेही सांगून ठेवा, त्याचं उत्तम म्हणणं बहुतेक तिथेच येतं.

दुसरी, तो लाजतो किंवा घाबरतो. हे अंतर्मुखपणापेक्षा वेगळं आहे, लाजणाऱ्याला बोलायचं खूप असतं पण लोक काय म्हणतील याने जीभ अडखळते. याला मुद्दे आधी पाठवून फारसा उपयोग नाही, याला छोट्या गटात, दोघातिघांत बोलायची सवय लागू दे, त्याचं एखादं म्हणणं मीटिंगमधे त्याच्या नावानिशी तुम्ही मांडा.

तिसरी गोष्ट पुण्यात फार दिसते आणि तिचा स्वभावाशी काही संबंधच नाही. मुलगा लातूर, बीड, धुळ्याकडून आलेला असतो, मराठी मीडियममधे शिकलेला, डोकं एकदम तल्लख, आणि मीटिंग इंग्लिशमधे असते. तोच मुलगा खाली टपरीवर चहा घेताना मराठीत तो बग कसा आला ते इतकं मस्त समजावून सांगतो की ऐकत राहावं. त्याला इंट्रोव्हर्ट म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, मनापासून सांगते. तुमच्या टीमला चालत असेल तर त्याला सरळ मराठी हिंदीत बोलू द्या, इंग्लिश येईल हळूहळू. म्हणून प्रकार ठरवायच्या आधी तो माणूस दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांत, दुसऱ्या भाषेत कसा असतो ते बघून घ्या.

एक मात्र करू नका, सगळ्यांसमोर "अरे तू काहीच बोलत नाहीस" असं म्हणू नका. यातून आजवर कोणी बोलायला लागलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि जो थांबतच नाही बोलायचा त्याचं काय?

बऱ्याच बोलक्या माणसांचा विचार बोलता बोलताच तयार होतो, त्यामुळे त्यांचं पहिलं वाक्य म्हणजे त्यांचा निर्णय नसतो, ते अजून ठरवतायत. पहिल्या वाक्याला धरून वाद घालू नका. आणि अडवायचंच असेल तर नाव घेऊन अडवा, "संदीप, एक मिनिट, तुझा हा मुद्दा लिहून घेऊ आणि मग पुढे", नाव घेतल्यावर माणूस थांबतो आणि मुद्दा लिहिला गेला की अपमान झाल्यासारखंही वाटत नाही.

मी स्पष्टवक्ता आहे, जे असेल ते तोंडावर बोलतो. लोकांना राग येतो त्यात माझी काय चूक?

पुण्यात स्पष्ट बोलण्याचा लोकांना अभिमान असतो आणि तो काही अंशी योग्यही आहे, गोलगोल बोलण्यात वेळ जातो. पण बिग फाइव्हमधला जुळवून घेण्याचा गुण ज्यांच्यात जास्त असतो त्यांना आधी संबंध दिसतो, मग मुद्दा. तुम्ही "हे डिझाइन चुकलंय" म्हणालात की ती व्यक्ती पहिले ऐकते "तुम्ही माझ्यावर नाराज आहात" आणि पुढचं तिच्या कानात शिरतच नाही. मग तुमचा स्पष्टपणा वायाच गेला ना, कारण मुद्दा पोचवायला तर बोललात.

मुद्दा पातळ करू नका, फक्त क्रम बदला आणि माणूस आणि काम वेगळं ठेवा. "पहिल्या दोन स्क्रीन मस्त झाल्यात, तिसरीवर पैसे भरायचं बटण सापडत नाही, ते वर घेऊ" यात काय कमी स्पष्ट आहे? आणि शक्य असेल तर एकट्यात सांगा. स्पष्टपणाला चार लोकांची गरज नसते.

आमच्याकडे उलटं आहे. समोरचा सगळ्याला हो हो म्हणतो आणि करत काहीच नाही.

त्याला नाही म्हणता येत नाहीये. त्याला खोटारडा ठरवायच्या आधी हे बघा की तुमच्यासमोर कोणी नाही म्हटलं तर तुमचा चेहरा कसा होतो. विचारायची पद्धत बदला. "शुक्रवारपर्यंत होईल का?" याला हो असंच उत्तर येणार. "तुझ्याकडे सध्या काय काय आहे, यात हे कुठे बसेल, शुक्रवार की पुढचा बुधवार?" असं विचारलं की त्याला नाही न म्हणता खरं सांगता येतं. घरातल्या मोठ्यांच्या बाबतीत तर हे फारच लागू पडतं, काका "बघू" म्हणाले की तो विषय तिथे परत रेटू नका, दुसऱ्या दिवशी एकटे असताना विचारा काय अडचण आहे.

नवरा सगळं ऐनवेळी करतो, मला दोन महिने आधी ठरवलेलं लागतं. रोज भांडणं होतात.

हे काटेकोरपणाच्या गुणाचे दोन टोक एका घरात. दिवाळीला माहेरी नागपूरला जायचंय, रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, तुम्ही सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसलेल्या आणि तो म्हणतो "होईल गं, बस आहेत की". तुम्हाला वाटतं याला माझ्या माहेरची किंमत नाही, त्याला वाटतं हिचा माझ्यावर विश्वास नाही. दोघंही चुकीचा अर्थ लावताय. वेळेबद्दल दोघांची मनं वेगळी चालतात इतकंच आहे बहुतेक वेळा.

यावर मला एकच गोष्ट चालताना दिसलीये, कामं स्वभावाप्रमाणे वाटून घ्यायची. ज्याची तारीख चुकली की मुकलीच अशी कामं, तिकिटं, शाळेचा फॉर्म, विम्याचा हप्ता, ही काटेकोर माणसाकडे. ज्यात ऐनवेळी डोकं चालवावं लागतं ती दुसऱ्याकडे, गाडी बंद पडली, पाहुणे अचानक आले, हॉल ऐनवेळी बदलावा लागला, तेव्हा तुमच्या नवऱ्यासारखी माणसं शांत असतात बघा, आणि तेव्हा काटेकोर माणूस कोलमडतो. आणि जे काम ज्याच्याकडे दिलं ते त्याच्या पद्धतीने होऊ द्यायचं, पाठीमागून सूचना द्यायच्या नाहीत. हे अवघड आहे, मान्य.

आई सतत काळजी करते, दर अर्ध्या तासाने फोन. टेन्शन घेऊ नको सांगून सांगून थकलो.

"टेन्शन घेऊ नको" याने कोणाचंही टेन्शन गेलेलं नाही. ज्यांचं मन पटकन अस्वस्थ होतं त्यांना धीर देणाऱ्या वाक्याने बरं वाटत नाही, माहितीने वाटतं. "नऊला निघतोय, वाकडला ट्रॅफिक आहे, साडेदहापर्यंत पोचतो, उशीर झाला तर मीच फोन करतो" हे चार तुकडे आधीच सांगून टाका आणि शेवटचा तुकडा खरोखर पाळा. दोन आठवडे पाळून बघा, फोन कमी होतात. लाइव्ह लोकेशन काहींना उपयोगी पडतं, काहींची काळजी त्याने वाढते कारण ठिपका हलला नाही की झालं सुरू, तुमच्या आईचं काय होतं ते बघून ठरवा. काळजीने झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर मात्र तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलते.

लहान मुलांचे पण प्रकार असतात का? माझी मुलगी कुठेच पटकन मिसळत नाही.

असतात, आणि यावरचं एक काम मला फार आवडतं. न्यूयॉर्कमधे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवराबायकोने १९५६ पासून मुलांना अगदी तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत बघितलं. त्यांना दिसलं की साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १० टक्के अवघड म्हणजे झोपेची भुकेची वेळ धड नाही आणि रडणं जोरात, १५ टक्के हळूहळू रुळणारी. आणि उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत! मी हा आकडा प्रत्येक वर्गात सांगते. इतकी वर्षं इतक्या बारकाईने बघणाऱ्या माणसांनीही प्रत्येक मुलाला खोक्यात कोंबलं नाही.

तुमची मुलगी कदाचित हळूहळू रुळणारी असेल. तिला वाढदिवसाच्या पार्टीला नेताना सगळे जमायच्या आधी न्या, रिकाम्या घरात ती आधी रुळेल. पाहुण्यांसमोर "गाणं म्हणून दाखव" हा आग्रह बंद. आणि तिच्यासमोर दुसऱ्यांना "ही ना लाजाळू आहे" असं सांगू नका, मुलं आपल्याबद्दल ऐकलेलं खरं करून दाखवतात. थॉमस आणि चेस यांचं मुख्य म्हणणं हेच होतं की मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचं जमलं की मूल फुलतं, स्वभाव कुठला आहे त्यापेक्षा हे जमणं महत्त्वाचं.

टेस्ट न घेता समोरच्याचा स्वभाव ओळखायचा कसा?

प्रकाराचं नाव शोधू नका, तीनचार साध्या गोष्टी बघा. नवीन काही सांगितलं की हा माणूस आधी आकडे विचारतो, का यात कोण कोण आहे ते विचारतो, का आधी असं कुठे झालंय ते विचारतो? पहिल्याला तक्ता दाखवा, दुसऱ्याला माणसं सांगा, तिसऱ्याला एखादं झालेलं उदाहरण नेऊन दाखवा. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमधे हे तिन्ही एका खोलीत असतात. बिल्डरचं प्रेझेंटेशन फक्त पहिल्यांसाठी असतं, म्हणून वर्षानुवर्षं गाडी पुढे जात नाही. तिथे राहणाऱ्या आजींना कार्पेट एरिया वाढणार हे नको असतं, त्यांना तीन वर्षं भाड्याने कुठे राहायचं आणि शेजारच्या वहिनी जवळपास असतील का हे हवं असतं. त्यांना त्याच भागात पूर्ण झालेल्या एखाद्या इमारतीत नेऊन तिथल्या दोन बायकांशी बोलू दिलं तर अर्धं काम होतं. त्या विरोध करत नसतात, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलंच नसतं.

अजून एक बघा, माणूस दमला की काय करतो. काही जण दमल्यावर फोन फिरवतात, मित्रांना बोलावतात, काही दार लावून बसतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाशी संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या महत्त्वाचं बोलू नका, चहा होऊ दे, अर्धा तास जाऊ दे.

आणि सावधगिरी एकच. लक्ष्मी रोडला कोणी आपल्याला कट मारला की आपण म्हणतो काय बेशिस्त माणूस, आपण मारला की म्हणतो घाई होती. दुसऱ्याचं वागणं त्याच्या स्वभावातून येतं आणि आपलं परिस्थितीतून, असं आपल्याला सहज वाटतं, यातला पहिला भाग, म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभावच कारण धरणं, याला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मधे मूलभूत चूक म्हटलं. त्यामुळे एकदा बघून काही ठरवू नका. वेगवेगळ्या प्रसंगांत तेच दिसलं तर तो स्वभाव, एकदा दिसलं तर त्या दिवशी काहीतरी झालं असेल.

व्हॉट्सॲपवर गैरसमज जास्त होतात, ते का?

कारण आवाज नाही, चेहरा नाही, मग उरलेली जागा वाचणारा आपल्या स्वभावाने भरतो. "ओके" एवढंच आलं की एकाला वाटतं काम झालं, दुसऱ्याला वाटतं हा चिडलाय. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचा वाद कधीच मिटत नाही, तो खाली उतरून दोन मिनिटांत मिटतो. चिडून टाईप केलेला मेसेज पाठवायच्या आधी फोन लावा, बस.

प्रत्येकाशी वेगळं बोलायचं म्हणजे खोटं वागणं नाही का?

आजीशी, साहेबांशी आणि शाळेतल्या मित्राशी तुम्ही आत्ताही एकसारखं बोलत नाही आणि त्यात तुम्हाला खोटं काही वाटत नाही. सांगायचं काय ते तुमचंच ठेवा, कसं आणि कधी सांगायचं ते समोरच्यासाठी बदला. ज्या दिवशी तुम्ही समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणणंच बदलायला लागाल त्या दिवशी तो खोटेपणा.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. खरंच बदलत नाही का माणूस?

बदलतो, पण सावकाश. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांमधून दिसतं की माणसामाणसांत जो स्वभावाचा फरक असतो त्यातला साधारण ४० ते ५० टक्के अनुवंशिकतेशी जोडलेला आहे, म्हणजे बराचसा भाग बाकी गोष्टींचा आहे. आणि वय वाढतं तशी माणसं सरासरीने जास्त जबाबदार, जास्त जुळवून घेणारी आणि थोडी शांत होतात, हे वेगवेगळ्या देशांत दिसलंय. विशीत ढोलपथकात दिवसरात्र पडीक असणारा मुलगा तिशीत पथकाचे हिशोब चोख ठेवताना दिसतो तो असाच. पण लग्न करून किंवा रोज बोलून बोलून आपण कोणाला बदलू अशी आशा ठेवू नका, तो वेग आपल्या हातात नसतो.

रास, रक्तगट यावरून स्वभाव कळतो का?

नाही. रक्तगटाचं खूळ जपानमधे मोठं आहे, पण स्वभावाशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही, राशीचंही तसंच. श्रद्धा तुमची, पण "ती वृश्चिक राशीची आहे, डूख धरणारच" म्हणून सुनेशी बोलणं तोडू नका.

नोकरीवर घेताना किंवा लग्न जमवताना टाईप विचारावा का?

नोकरीसाठी एमबीटीआय वापरू नका, ती बनवणारी कंपनीच सांगते की ती माणसं निवडायला नाहीये. लग्नाच्या बायोडेटात हल्ली मुलंमुली इंट्रोव्हर्ट असं लिहितात, ठीक आहे, पण त्यापेक्षा भेटल्यावर विचारा की सुट्टीचा रविवार कसा गेला तर आवडतो, भांडण झालं की लगेच बोलायचं असतं का थोडा वेळ हवा असतो, पैसे कसे खर्च करतोस. या उत्तरांवर पुढची वीस वर्षं जातात.

समजून तरी किती घ्यायचं? "माझा स्वभावच असा आहे" म्हणून कोणी रोज अपमान करत असेल तर?

तर नाही घ्यायचं. तापट असणं हा स्वभाव असेल, पण शिवी देणं, हात उचलणं, पैसे अडवून ठेवणं, माहेरच्यांशी बोलू न देणं ही वागणूक आहे आणि ती त्या माणसाने निवडलेली असते. बघा ना, तोच तापट माणूस ऑफिसात साहेबांपुढे कसा गप्प असतो. तुमच्या बोलण्याच्या पद्धतीत काही सुधारून हे थांबणार नाही, आणि मी शिकवते त्यातलं काहीही यासाठी नाहीये. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, लगेच धोका असेल तर ११२. आणि घरातल्या कोणी तुम्हाला "समजून घे गं" म्हटलं तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

मला स्वतःची नीट टेस्ट करायचीये, कुठे करू?

फुकट हवी असेल तर इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल नावाचा प्रश्नांचा संच सगळ्यांसाठी खुला आहे, त्यावर आधारलेल्या बिग फाइव्ह टेस्ट नेटवर मिळतात. टेस्टच्या शेवटी पैसे मागून "पूर्ण रिपोर्ट" विकणाऱ्या साइट सोडून द्या. माणसासमोर बसून करायची असेल तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडेच करा. पुण्यात सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीचं मानसशास्त्राचं काम खूप जुनं आहे, संस्था १९६२ ची, तिथे चौकशी करता येईल. रिपोर्ट हातात आला की एक कॉपी घरच्या माणसाला द्या आणि कुठलं पटत नाही तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा, मग त्या खुणांवर दोघं बसून बोला, त्याला वेळ ठेवा, रविवारची सकाळ बरी पडते.